सूक्ष्मदर्शक यंत्र आणि खुली विद्या

सूक्ष्मदर्शक यंत्राची आकृती फळ्यावर काढली, भागांची नावे सांगितली, की पाठ संपला, असे होऊ नये. यंत्र कोणी केले हे मुले पाठ करतात. ते करण्याची रीत इतरांपर्यंत पोचली की नाही, हा प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवावा.

इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. काचेचा तंतू ज्योतीत वितळवून टोकाशी मणी करावा व त्याचे भिंग बनवावे, ही रीत त्याने प्रस्तावनेतच लिहून टाकली. हॉलंडमधील डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने एकाच भिंगाच्या यंत्रातून १६७४ साली तळ्याच्या पाण्यातील सूक्ष्म जीव पाहिले. परंतु उत्तम भिंगे करण्याची आपली रीत त्याने गुप्त ठेवली. १७२३ साली तो निवर्तला व ती रीतही त्याच्याबरोबर गेली. उत्रेक्त येथील संग्रहालयातील त्याचे एक यंत्र न उघडता न्यूट्रॉन किरणांनी तपासले गेले. आतील भिंग गोल मण्याचे असून ते हूकने वर्णिलेल्या रीतीनेच केलेले असावे, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. गुपिताचा उलगडा होण्यास सुमारे तीन शतके लागली!

हा प्रश्न आजही आहे. संशोधनाची यंत्रे महाग असतात. आराखडा कारखानदारापाशी असल्यामुळे एखादा भाग मोडला, तर दूरच्या प्रयोगशाळेतील यंत्र कपाटात पडून राहते. यावरील उपाय म्हणजे ‘ओपन सोर्स’ पद्धती. तीत यंत्राचा आराखडा व जोडणीची कृती सर्वांसाठी खुली असते. कोणीही यंत्र करावे, दुरुस्त करावे, सुधारावे.

‘ओपनफ्लेक्शर’ हे असेच यंत्र होय. केंब्रिज येथील संशोधकांनी त्याच्या रचनेवरील निबंध २०१६ साली प्रसिद्ध केला. पुढे बाथ विद्यापीठात हे काम वाढले. वितळलेल्या प्लॅस्टिकचे थरावर थर देणाऱ्या थ्री-डी प्रिंटरवर त्याचा सांगाडा तयार होतो. नमुना सरकविण्यास त्यात घसरणारे भाग नाहीत; प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या किंचित वाकतात व नमुना मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतराने सरकू शकतो. वर्गात फूटपट्टी हलकेच वाकवून हे तत्त्व दाखवावे. टांझानियातील तंत्रज्ञांनी हे यंत्र आपल्याच देशात तयार केले आणि तेथील इफाकारा आरोग्य संस्थेच्या सहकार्याने हिवतापाच्या निदानासाठी ते पारखले जाऊ लागले. अर्थात खुले म्हणजे फुकट नव्हे. भिंगे व कॅमेरा विकतच घ्यावा लागतो. पण मोडलेला सांगाडा मात्र स्थानिक कारागीर पुन्हा करू शकतो.

कृतिपाठ : तांब्याची बारीक तार खिळ्याभोवती वळवून दोन-तीन मिलिमीटरचा वेढा करावा. तो पाण्यात बुडवून काढला की त्यात थेंब राहतो. त्यातून छापील अक्षर पाहावे. थेंबातून सूर्याकडे मात्र कोणासही पाहू देऊ नये.

त्यानंतर प्रत्येक मुलाने ही कृती लिहावी. तो कागद दुसऱ्या वर्गातील मुलास द्यावा. त्याने काही न विचारता भिंग करून दाखविले, तर लेखन उतरले. तो जेथे अडेल, तेथे लिहिणाऱ्याने वाक्य सुधारावे. आपल्याला आलेले दुसऱ्यालाही करता यावे, अशा रीतीने लिहून ठेवणे हेही विज्ञानच आहे, हे मुलांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा उद्देश होय.