भित्तिपत्रकावरील गलबत

आंबिवलीच्या एका शाळेत ‘आपल्या नद्या व नौका’ या विषयावर भित्तिपत्रक तयार करावयाचे होते. चित्रकलेत निपुण असलेल्या एका विद्यार्थ्याने तीन दिवस खपून मोठे चित्र काढले. गावाजवळून वाहणारी काळू नदी आणि तिच्यात दिमाखाने उभे असलेले, शिडांनी फुललेले गलबत! साऱ्या वर्गाने त्याची वाहवा केली.

गुरुजींनी चित्र न्याहाळले. ते म्हणाले, “चित्र देखणे आहे, पण ते खरे आहे काय? नदीच्या पात्रात खडक डोके वर काढतात. एवढे गलबत तेथे तरेल कसे?”

मुलगा हिरमुसला. चित्र फाडण्यासाठी त्याने हात पुढे केला. गुरुजींनी तो हळूच धरला. “थांब, बाळ. रविवारी आपण कल्याणच्या खाडीवर जाऊ.”

रविवारी दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांना एक वृद्ध नावाडी भेटला.

“आजोबा, वारा पडला, की शिडाची नाव काय करी?” एका मुलीने विचारले.

“पोरी, खाडीत खरा खलाशी म्हणजे पाणी! भरतीबरोबर पडाव आत यायचा, ओहोटीबरोबर बाहेर जायचा. भरतीची वेळ चुकली, तर नाव चिखलात रुतायची.”

गुरुजींनी समजावून सांगितले, “एका भरतीनंतर सुमारे 12 तास 25 मिनिटांनी दुसरी भरती येते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास पाणी फार चढते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ते कमी चढते, ती भांग. काळू नदी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते व उल्हासचे पाणी खाडीवाटे वसईजवळ समुद्रास मिळते. म्हणूनच आत असूनही कल्याण हे बंदर झाले. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांतही कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली, आणि पुढे शिवाजी महाराजांनी या खाडीत लढाऊ नौका बांधविण्यास आरंभ केला. 1854 मध्ये आगगाडी कल्याणास पोहोचली आणि मालवाहतुकीला दुसरी वाट मिळाली.”

परतताना मुलगा अबोल होता. दुसऱ्या दिवशी त्याने नवा कागद घेतला. डोंगरातून येणारी काळू, तिला कवेत घेणारी उल्हास आणि पुढे रुंदावत जाणारी खाडी त्याने रेखाटली. गलबत त्याने टाकून दिले नाही. ते कल्याणच्या खाडीत नेऊन उभे केले. आंबिवलीपाशी केवळ निळी रेघ राहिली. तिच्याखाली त्याने लिहिले, ‘येथील पाणी तेथील नावांना तारते.’ 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ठरलेली कल्याण-ठाणे-मुंबई ही वाट त्याने तुटक रेघेने दाखविली.

भित्तिपत्रक भिंतीवर लागले. गुरुजींनी ते बराच वेळ पाहिले व म्हणाले, “आता हे देखणेही आहे आणि खरेही.”

स्वाध्याय
1. गुरुजींनी पहिल्या चित्राविषयी कोणती शंका घेतली?
2. ‘खाडीत खरा खलाशी म्हणजे पाणी’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
3. उधाण व भांग यांतील फरक सांगा.
4. आपल्या गावाजवळील नदी कोठे उगम पावते व कोठे मिळते, हे दाखविणारे भित्तिपत्रक तयार करा. त्यात जे पडताळून पाहिले असेल तेच लिहा.