जुन्या गोठ्याचे आगीपासून संरक्षण

गोठ्याला आग लागल्यास दावणीची जनावरे पळू शकत नाहीत. नवा गोठा परवडत नसला, तरी आहे त्याच गोठ्यात पुढील सुधारणा कराव्यात.

१. कडब्याची गंजी गोठ्यापासून किमान ५० फूट दूर रचावी. ओलसर चारा रचू नये. तो आतून तापून पेटू शकतो.

२. उघड्या, जोड दिलेल्या वायरी बदलाव्यात. मेन स्विच बंद केल्याशिवाय पाणी मारू नये.

३. दाव्याला निरगाठ नको, सुरगाठ मारावी. दाराशी विळा टांगावा.

४. २०० लिटरचा पिंप भरून, शेजारी बादल्या ठेवाव्यात.

आग लागताच शेजाऱ्यांना हाक मारून ११२ क्रमांकावर कळवावे. सोडलेली जनावरे घाबरून परत आत शिरू शकतात. त्यांना दूर बांधावे.