उसाचे पाते, डोळ्यातील बुरशी आणि शरीराचे पहारेकरी

ऊसतोडीच्या दिवसांत पैठण तालुक्यातील एक पन्नाशीचे शेतकरी माझ्याकडे आले. उजव्या डोळ्यावर रुमाल धरलेला होता.

"काय झालं मामा?" मी विचारले.

"उसाचं पातं लागलं, डॉक्टरसाहेब. पंधरा-वीस दिस झाले. दुकानातून थेंब आणून टाकले. दोन दिवस लई बरं वाटलं, लाली बी गेली. मग ठणका सुरू झाला, अन् आता समदं धुरकट दिसतंय."

त्यांनी खिशातून बाटली काढली. थेंबात स्टेरॉइड होते. बुबुळावर करड्या-पांढऱ्या रंगाचा व्रण होता, त्याच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. हा बुरशीचा व्रण होता.

वाचकहो, दोन दिवस बरे वाटून मग डोळा का बिघडला? याचे उत्तर आपल्या रोगप्रतिकारशक्तीत आहे.

डोळ्याचे पहारेकरी

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो स्वच्छ राहतो आणि आपल्याला दिसते. पण रक्तवाहिन्या नसल्याने रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे चटकन पोचू शकत नाहीत.

म्हणून निसर्गाने दाराशीच पहारा ठेवला आहे. पापणी कचरा झाडते, अश्रू तो धुऊन काढतात. अश्रूंमध्ये जंतूंना मारणारी द्रव्ये असतात. पारपटलावरील पेशींचा थर भिंतीसारखा घट्ट असतो. माती, पाचट, कडबा यांतील बुरशीचे बीजकण रोज आपल्या डोळ्यात पडतात आणि वाहून जातात. परंतु पाते किंवा कुसळ लागून त्या भिंतीला ओरखडा पडला, की बीजकणांना आत शिरायला वाट मिळते. आपल्या देशात अशा व्रणांत फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशी जास्त आढळतात.

लढाई कशी होते?

बुरशीच्या कवचात बीटा-ग्लुकन नावाचा पदार्थ असतो. तो माणसाच्या पेशींत नसतो. त्यावरून आपल्या पेशी परका ओळखतात आणि रासायनिक हाकाटी करतात. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागातील रक्तवाहिन्या फुगतात आणि डोळा लाल होतो. म्हणजे ही लाली बहुतांशी आपल्याच सैन्याच्या हालचालीची खूण असते.

सर्वांत आधी धावून येतात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. लहान बीजकण त्या गिळून टाकतात. पण बीजकण रुजून त्याचा लांब धागा झाला, की तो गिळता येत नाही. मग त्या बाहेरूनच मारा करतात. प्राणवायूपासून बनलेली जहाल द्रव्ये आणि विरघळवणारे पाचक रस त्या सोडतात. बुरशीला वाढीसाठी लागणारे लोह आणि जस्त पळवून तिची रसदही तोडली जाते.

अडचण पुढेच आहे. तेच पाचक रस पारपटलाचे तंतूही विरघळवतात. चोर पकडताना घराच्याच काचा फुटाव्यात, तसे होते. कधी पारपटलामागे, बुबुळाच्या पुढे तळाशी पू साचून पांढरी रेघ दिसते, तर कधी पारपटलाला भोक पडते. लढाई जिंकली तरी जखमेचा पांढरा डाग मागे उरतो. यालाच आपण 'फूल पडले' म्हणतो.

स्टेरॉइडने काय घडले?

स्टेरॉइड सैन्याला थोपवते. त्यामुळे लाली आणि दुखणे कमी झाले. बुरशी मात्र मेली नाही, उलट पहारा उठल्याने ती खोलवर पसरली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, आपल्या जिल्ह्यानेही 'काळी बुरशी' म्हणजे म्युकरमायकोसिस पाहिला. तो आजार वेगळा, नाकावाटे डोळ्याच्या खोबणीत जाणारा. पण तेथेही अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांनी प्रतिकारशक्ती दुबळी झालेल्या अनेकांना बुरशीने गाठले. स्टेरॉइड हे मोलाचे औषध आहे, मात्र ते कधी द्यायचे हे तपासणीनंतरच ठरते.

उपचार

व्रणाचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की बुरशीचे धागे बहुधा लगेच दिसतात. अशा व्रणांवर नाटामायसिनचे थेंब प्रमुख औषध आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा सहभाग असलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विशेषतः फ्युजेरियमवर, ते व्होरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरले. पण ते फार खोलवर झिरपत नाही. म्हणून लवकर येणे महत्त्वाचे. सुरुवातीला दिवसा तासातासाला थेंब घालावे लागतात आणि उपचार अनेक आठवडे चालतात.

मामांचा व्रण दोन महिन्यांनी भरला. डोळा वाचला, पण फूल राहिले. आता नजर परत हवी तर कोणा दात्याच्या नेत्रदानाची वाट पाहायची. ते पहिल्या दोन दिवसांत आले असते, तर बहुधा ही वेळ आली नसती.

एवढे लक्षात ठेवा

१. ऊस, मका, कापूस यांची कामे करताना साधा चष्मा वापरा.

२. डोळ्याला काही लागले तर स्वच्छ पाण्याने धुवा. चोळू नका. पदराच्या टोकाने किंवा जिभेने कचरा काढू नका.

३. दूध, तूप, मध किंवा झाडपाल्याचा रस डोळ्यात घालू नका.

४. दुकानातून मनाने थेंब आणू नका. शेजाऱ्याची उरलेली बाटलीही नको.

५. दुखणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे किंवा पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. मधुमेह असेल तर तसे आवर्जून सांगा.

लाली गेली म्हणजे रोग गेला असे नाही. कधीकधी फक्त पहारेकरी झोपलेला असतो.