कोड वाचणारा माणूस कुठून आणायचा?

मुक्त स्रोत प्रकल्पात कोड लिहून देणाऱ्यांची वानवा नसते. ऑक्टोबरात हॅकटोबरफेस्ट हा योगदानाचा उपक्रम आला की पुल रिक्वेस्ट धडाधड येतात. वानवा असते ती आलेला कोड शांतपणे वाचणाऱ्यांची. मराठी-हिंदी ग्रंथसंग्रहांसाठीच्या एका शोधप्रणालीवर मी नोकरी सांभाळून बरीच वर्षं काम करतो आहे. तिथं जे घडलं ते सविस्तर सांगतो, कारण आपल्या भाषांसाठी कोड लिहिणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येऊ शकते.

आमच्याकडे एक पॅच आला. 'ज़मीन' लिहा किंवा 'जमीन', शोधात दोन्ही सापडावं, एवढाच त्याचा हेतू. त्यासाठी मजकूर आधी युनिकोडच्या सुट्या घटकांत फोडायचा आणि मग अक्षराखालचा नुक्ता काढून टाकायचा. कोड नेटका होता, टेस्ट सोबत होत्या आणि त्या सगळ्या हिरव्या होत्या. मेंटेनरने रचना पाहिली, मर्ज केलं. बऱ्याच काळानंतर कोळीगीतांवर काम करणाऱ्या एका अभ्यासक बाईंचं पत्र आलं: 'दर्या' शोधला की सह्याद्रीच्या 'दऱ्या' का येतात?

युनिकोडमध्ये ऱ या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. पण ते फोडलं की त्याचे र आणि नुक्ता असे दोन तुकडे होतात. नुक्ता गेला की ऱ चा नुसता र उरतो. मग 'दऱ्या' आणि 'दर्या' एक, 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' एक. 'बोलणाऱ्या', 'पाहणाऱ्या' असे नेहमीचे शब्द तरीही सापडत होते, कारण शोधशब्द आणि संग्रह या दोन्हींतला नुक्ता सारखाच गळत होता. म्हणून बिघाड चटकन ध्यानात आला नाही. टेस्टमध्ये सगळे शब्द हिंदी होते. मराठी वाचणाऱ्या कुणीही त्या यादीवर नजर टाकली असती तर 'यात ऱ्या कुठं आहे?' हा प्रश्न पहिल्या मिनिटात आला असता. पण तसं कुणी त्या पॅचपर्यंत पोचलंच नव्हतं.

तो पॅच रिव्ह्यूसाठी खुला नव्हता असं नाही. रीतसर खुला होता, 'सर्वांनी कृपया पाहावे' अशी विनंतीही केलेली होती. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नसतं, हे गावकीत जितकं खरं तितकंच कोडमध्ये. शिवाय 'पाहावे' म्हणजे नेमकं काय पाहावं? चारशे ओळींचा फरक उघडून बसलेल्या माणसाला हे कळत नसेल तर तो निमूट बाहेर पडतो. त्याचा दोष नाही.

दुरुस्तीच्या वेळी आम्ही कोड मागे ठेवला आणि एक साधा तक्ता केला: डावीकडे शोधलेला शब्द, उजवीकडे सापडलेले शब्द. तो ग्रंथपालांकडे, मुद्रितशोधकांकडे, दोन शिक्षकांकडे एकेकाच्या नावानं पाठवला आणि एकच प्रश्न विचारला: यातला कोणता शब्द इथं यायला नको? उत्तरं आली, आणि मुद्देसूद आली. एका मुद्रितशोधक काकांनी आमच्या ध्यानीमनी नसलेल्या शब्दांच्या जोड्या लिहून पाठवल्या. त्या आज टेस्टमध्ये आहेत. आता नुक्ता फक्त हिंदी मजकुरातूनच काढला जातो. त्या मंडळींपैकी एक शिक्षिका पुढे टेस्टच्या फाइली स्वतः वाचू लागल्या आणि आता भाषेशी संबंधित कुठलाही बदल त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मर्ज होत नाही. रिव्ह्यू करायला प्रोग्रामर असावं लागतं, ही समजूत आमच्यापुरती तरी तिथं संपली.

म्हणून तुम्ही पॅच देणार असाल तर माझं पहिलं सांगणं हे, की कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी तो कोण वाचणार हे ठरवा. लिनक्स कर्नलमध्ये यासाठी एक स्क्रिप्टच आहे. तिला फाइल किंवा पॅच दाखवला की तो कुणाकडे पाठवायचा त्यांची नावं ती काढून देते. तुमच्या प्रकल्पात अशी सोय नसेल तर त्या फाइलचा गिटमधला इतिहास पाहा. शेवटचे बदल ज्यांनी केले त्यांना नावानं विचारा. मोठा बदल असेल तर आधी चार ओळींत बेत कळवा. बेताला होकार देणारा माणूस पुढे कोडही वाचतो.

दुसरं, वाचणाऱ्याचा अर्धा तास वाचवा. नावं बदलणं, समास सरळ करणं, मोकळ्या जागा काढणं हे सगळं वेगळ्या कमिटमध्ये टाका. खऱ्या बदलाच्या बारा ओळी फापटपसाऱ्यात हरवल्या की चांगला रिव्ह्यूअरही थकतो. वर्णनात स्वच्छ लिहा: आधी काय होत होतं, आता काय होईल, ते कसं पडताळायचं आणि तुम्हाला स्वतःला शंका कुठं आहे. ही शेवटची गोष्ट लोक लपवतात. लपवू नका. शंकेची जागा दाखवली की वाचणारा थेट तिथं पोचतो.

तिसरं, आधी द्या, मग मागा. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या कमिटफेस्टमध्ये, म्हणजे पॅच तपासण्याच्या ठरावीक काळात, पॅच देणाऱ्यानं साधारण तेवढ्याच अवघड अशा दुसऱ्या एखाद्या पॅचचा रिव्ह्यू करावा अशी अपेक्षा असते. जँगोमध्ये एके काळी काही कोअर डेव्हलपर सांगत, की पाच तिकिटं तुम्ही तपासा, तुमचं एक आम्ही पाहतो. नवख्यांना हे जाचक वाटतं. मला ते न्याय्य वाटतं, कारण दुसऱ्याचा कोड वाचताना आपला कसा लिहावा हे जितकं कळतं तितकं कुठल्याही कोर्समध्ये कळत नाही.

मेंटेनरांनाही सांगणं आहे. पहिल्यांदा रिव्ह्यू केलेल्या माणसाला लगेच उत्तर द्या, त्याची सूचना नाकारत असाल तरी कारण सांगा. त्याचं नाव कमिटमध्ये नोंदवा. लिनक्समध्ये 'रिव्ह्यूड-बाय' आणि 'टेस्टेड-बाय' या ओळी इतिहासात कायमच्या राहतात. ड्रुपलमध्ये समुदायानं तपासून, चालवून पाहिलेल्या पॅचला तसा वेगळा दर्जाच मिळतो. आपल्या मताला वजन आहे हे दिसलं की माणूस पुन्हा येतो.

कोड वाचणारी माणसं अशी जोडून ठेवली नाहीत तर काय होऊ शकतं ते २०२४च्या मार्चमध्ये जगानं पाहिलं. एक्सझेड यूटिल्स हे डेटा आकसण्याचं साधन अनेक लिनक्स वितरणांत असतं आणि ते जवळजवळ एकाच थकलेल्या मेंटेनरच्या खांद्यावर होतं. मदतीला आलेल्या एका टोपणनावानं दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला, तोही टेस्टच्या फाइलींत दडवून. तो सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. ते पोस्टग्रेसक्यूएलचे डेव्हलपर आहेत.

तुम्हाला मराठी नीट वाचता येतं, मग तुम्ही रिव्ह्यूअर होऊ शकता. फॉन्ट, कीबोर्ड, शब्दकोश, शब्दशोधन असा तुमच्या रोजच्या वापरातला एखादा मुक्त प्रकल्प निवडा, त्यातली रिव्ह्यूविना पडून असलेली एक पुल रिक्वेस्ट उघडा, बदल चालवून पाहा आणि जे दिसलं ते दोन ओळींत लिहा. 'मी हे चालवून पाहिलं, मराठी मजकुरावर बरोबर चालतं' एवढंसुद्धा मेंटेनरच्या उपयोगी पडतं.