नकाशाचे थर जुळत का नाहीत?

मोबाईलमुळे दुकान, गोदाम, गिऱ्हाईक यांची ठिकाणे टिपणे आता सोपे झाले आहे. पुष्कळ व्यापारी बांधव ती संगणकावरील नकाशावर मांडू लागले आहेत. पण ठिपके एकीकडे आणि रस्ते भलतीकडे, असा अनुभव बहुतेकांना पहिल्याच दिवशी येतो. आम्हालाही आला होता.

कारण साधे आहे. पृथ्वी गोल, कागद सपाट. संत्र्याची साल टेबलावर पसरली की कुठेतरी ती फाटते, कुठेतरी ताणली जाते. गोलावरची ठिकाणे सपाटीवर उतरवण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात. अशा रीती अनेक आहेत. (हा प्रश्न नवा नाही. हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीने यावर स्वतंत्र लेखन केले आहे.) एक थर एका रीतीचा व दुसरा दुसऱ्या रीतीचा असेल आणि संगणकाला ते सांगितलेले नसेल, तर गोंधळ होणारच.

समजा, एका सूत व्यापाऱ्याची गिऱ्हाइके मालेगावातही आहेत आणि कामठीतही. यूटीएम या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे केले आहेत. ७८ अंश रेखांशाची सीमा अमरावती आणि यवतमाळ यांच्यामधून जाते. त्यामुळे मालेगाव ४३ व्या पट्ट्यात, तर कामठी ४४ व्या पट्ट्यात येते. प्रत्येक पट्ट्यातील मीटरचे आकडे त्या पट्ट्यापुरते असतात. दोन्ही याद्या एकत्र करून सगळ्यावर ४३ चे लेबल लावले, तर कामठी बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकते आणि गुजरातेत बारडोलीच्या आसपास जाऊन बसते. प्रत्यक्षात मालेगावच्या पूर्वेला सरळ रेषेत सुमारे ४९० किलोमीटर असलेले गाव नकाशावर वायव्येला दीडशे किलोमीटरवर दिसते. या नकाशावर टेम्पोचे भाडे ठरवले तर काय होईल?

आता उपाय. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन आज्ञा आहेत आणि घोळ नेमका इथेच होतो. 'सेट लेयर सीआरएस' फक्त लेबल बदलते, आकडे तेच राहतात. 'रीप्रोजेक्ट लेयर' आकडेच नव्याने काढून वेगळा थर तयार करते. गजाच्या पट्टीवर 'मीटर' लिहिले म्हणून कापड वाढत नाही, तसेच हे. प्रथम प्रत्येक थराला त्याचे खरे लेबल द्यावे. मोबाईलच्या अक्षांश-रेखांशांना ईपीएसजी ४३२६, ४३ व्या पट्ट्याला ३२६४३, ४४ व्या पट्ट्याला ३२६४४. मगच सर्व थर एका प्रक्षेपणात आणावेत. थर हाताने ओढून जुळवू नये. एका गावी जुळला तर दुसऱ्या गावी हटतो.

चूक ओळखण्याच्या खुणाही आहेत. सगळी दुकाने आफ्रिकेलगतच्या समुद्रात शून्य अंशावर एका ठिपक्यात गोळा झाली, तर अंशांना मीटर समजले गेले. ती उत्तर ध्रुवाकडे स्वालबार्ड बेटांच्या बाजूला गेली, तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली.

जमीन घेणाऱ्यांनी मात्र विशेष जपावे. इंटरनेटवरील नकाशे बहुधा वेब मर्केटर रीतीचे असतात. नागपूर-कामठीच्या अक्षांशावर त्या सपाट नकाशावरूनच क्षेत्र काढले, तर ते सुमारे १५ टक्के जास्त भरते. दहा एकरांचे साडेअकरा होतात आणि पैसे साडेअकरांचे जातात. मापात खोट करणाऱ्याला आपला दीन काय म्हणतो ते वाचकांना ठाऊक आहे. इथे तर विकणाऱ्यालाही खोट झाल्याचे कळत नाही. यूटीएमच्या योग्य पट्ट्यात आणून क्षेत्र काढावे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या मापावर बेतलेले आहेत. त्यांवरील अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाईलच्या ठिपक्यांशी लावले, तर महाराष्ट्रात सुमारे शंभर मीटरचा फरक पडतो. एवढ्यात शेजाऱ्याची विहीर आपल्या हद्दीत दिसू लागते. म्हणून हद्दीचा प्रश्न असेल तेथे संगणकावरील नकाशा अंदाजापुरता ठेवावा आणि व्यवहाराआधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्यावी.