घरगुती बेकरी आणि ऐनवेळची मागणी

घरगुती बेकरी चालविणाऱ्या महिलांपुढे ऐनवेळच्या मागणीचा प्रश्न वारंवार उभा राहतो. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने होकार दिला जातो. वस्तुतः हा निर्णय भिडेपोटी नव्हे, तर घड्याळाकडे पाहून घेणे हितावह असते.

अर्ध्या किलोच्या क्रीम केकसाठी मिश्रणास २० मिनिटे, भाजण्यास ३५, निवण्यास ६०, सजावटीस ३५ आणि शीतकपाटात घट्ट होण्यास ३०, असे सुमारे ३ तास लागतात. घाईने गरम केकवर लावलेले क्रीम वितळते. केक वाया जातो आणि आधी नोंदविलेली कामेही रखडतात. आदल्या दिवशी भाजून, निववून, हवाबंद गुंडाळून शीतकपाटात ठेवलेला साधा केक हाताशी असल्यास काम सुमारे तासाभरात होते. तेही शक्य नसल्यास नानकटाईसारखा पर्याय सुचवावा, अन्यथा नम्र नकार द्यावा.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ घरगुती व्यावसायिकांनाही लागू असल्याने घाईतही स्वच्छतेची जबाबदारी टळत नाही. महिला बचत गटांच्या प्रशिक्षणात पाककृतींबरोबरच वेळेचा हा हिशेबही शिकविला जाणे अगत्याचे आहे.