लोकांच्या उपयोगी पडायचंय? मग आधी एक विद्या पक्की करा

‘मला गोरगरिबांसाठी काहीतरी करायचंय,’ असं दहावी-बारावीची मुलगी घरात म्हणाली, की बहुतेक आईवडील आधी कौतुकाने हसतात आणि मग काळजीने विचारतात, ‘बाई, त्यात पोट भरेल का?’ हा प्रश्न रास्त आहे. बीड जिल्ह्यात तर तो फारच रास्त आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला लाखो माणसं इथून ऊसतोडीला जातात. अशा घरात मुलीच्या शिक्षणासाठी काढलेला पैसा वाया गेलेला परवडत नाही. म्हणून मुलीने स्वप्न सोडावं असं मी म्हणणार नाही आणि पालकांनी पगाराचा विचार सोडावा असंही म्हणणार नाही. दोन्ही सांभाळता येतात. त्यासाठी एकच पथ्य आहे: नुसत्या तळमळीवर विसंबू नका. वंचितांना ज्याची गरज आहे असं एखादं कौशल्य रीतसर शिका, त्यावर पोट भरा आणि तेच कौशल्य घेऊन लोकांपर्यंत जा.

आपल्या जिल्ह्याला कोण हवंय?

करिअर निवडताना आपण सहसा नोकऱ्यांची यादी बघतो. या वाटेने जाणाऱ्या मुलीने आधी जिल्ह्याच्या दुखण्यांची यादी बघावी.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. एक दिवस चुकला की ‘खाडा’ पडतो आणि पैसे कापले जातात. पाळीचा त्रास होवो की अंगावरून जावो, बाई फडात उभीच असते. अशा बायकांना गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला दिला जात असल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. गावातच वेळेवर तपासणारी परिचारिका आणि धीर देऊन दुसरा उपाय सांगणारी डॉक्टर भेटली असती, तर यातल्या किती शस्त्रक्रिया टळल्या असत्या, याचा विचार करा.

दुसरं दुखणं बालविवाहाचं. आईबाप सहा-सहा महिने कारखान्यावर असतात, वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची या धास्तीने तिचं लग्न उरकलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. तिसरं दुखणं मुलींच्या जन्माचं. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी.

या दुखण्यांवर काम करायला परिचारिका, वकील, समुपदेशक, शिक्षिका, हिशेबनीस, अधिकारी असे सगळेच लागतात. यातल्या प्रत्येक पदासाठी अभ्यासक्रम आहे आणि नोकरीही आहे.

ज्यांनी हे करून दाखवलं

अंबाजोगाईच्या शैला लोहिया मराठीच्या प्राध्यापिका होत्या. त्यांचे पती डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये ‘मानवलोक’ ही संस्था उभी केली. शैलाताईंनी ‘मनस्विनी’ महिला प्रकल्पातून नवऱ्याने टाकलेल्या, घरातून हाकललेल्या बायकांना आधार दिला आणि स्वतःच्या पायावर उभं केलं. २०१३ मध्ये त्या गेल्या. त्या शिकवत राहिल्या, लिहीत राहिल्या आणि त्याच वेळी संस्थेचं कामही करत राहिल्या. नोकरी धरून समाजाचं काम करता येतं, हे आजच्या पालकांनी त्यांच्याकडे पाहून समजून घ्यावं.

बीडच्या मनीषा तोकले दलित महिलांच्या आणि ऊसतोड कामगार स्त्रियांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षं लढत आहेत. या बायकांची संघटना बांधणं, त्यांचे प्रश्न सरकारदरबारी आणि पत्रकारांपुढे मांडणं, हे त्यांचं काम. सत्यभामा सौंदरमल यांनी ‘निर्धार’ संस्थेमार्फत कौटुंबिक हिंसाचार आणि बालविवाहाच्या प्रकरणांत मुलींना साथ दिली. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला ‘शांतिवन’मध्ये कावेरी व दीपक नागरगोजे ऊसतोड कामगारांच्या आणि निराधार मुलांना शिकवतात. बीडजवळच्या पालीला संध्या व दत्ता बारगजे एचआयव्हीबाधित मुलांचं घर सांभाळतात. गेवराईला प्रीती व संतोष गर्जे अनाथ मुलांचं ‘बालग्राम’ चालवतात.

शंभर मुलांचं घर चालवायचं म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. औषधांच्या वेळा, बालकल्याण समितीची कागदपत्रं, देणगीचा चोख हिशेब, लेखापरीक्षण, शाळेचे दाखले, रात्री रडणाऱ्या पोराची समजूत. इथे मायेइतकीच शिस्त लागते. अशा संस्थांना मनापासून काम करणारी माणसं हवीच असतात. त्यांना हिशेब, औषधोपचार किंवा समुपदेशन येत असेल, तर ती माणसं टिकतात.

वाटा कोणत्या आणि पात्रता काय

आरोग्य. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि खेड्यातल्या बाईचं दुखणं जगापुढे आलं. त्यांच्याकडे स्त्रीरोगाचं शिक्षण होतं म्हणून हे घडू शकलं. डॉक्टर होणं प्रत्येकीला जमेलच असं नाही; परिचारिकेची वाट मात्र मोठी आहे. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा विज्ञान शाखेतून चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करता येतं. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय इथे ही पदं असतात. बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. ते पद कंत्राटी असतं, हे मात्र आधीच समजून घ्या.

कायदा. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी ‘लेक लाडकी अभियान’ चालवून गर्भलिंगनिदान करणाऱ्यांना सापळे लावून पकडलं. २०१० मध्ये परळीतही त्यांच्या कार्यकर्त्यांनी असा सापळा लावला होता. २०२५ मध्ये देशपांडे यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. कायदा माहीत असलेली बाई काय करू शकते, याचं याहून ठसठशीत उदाहरण मिळणार नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, प्रवेश सीईटीने मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देतं. त्या पॅनेलवर नाव आलं, की खासगी वकिलीबरोबर हे कामही करता येतं.

समाजकार्य आणि समुपदेशन. एमएसडब्ल्यू ही या क्षेत्राची व्यावसायिक पदवी. टाटा सामाजिक विज्ञान संस्था मुंबईत १९३६ मध्ये सुरू झाली आणि तिचं ग्रामीण केंद्र आपल्या शेजारच्या तुळजापूरला आहे. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था आणि मुंबईचं निर्मला निकेतन ही आणखी दोन नावाजलेली महाविद्यालयं. या पदवीवर काय मिळतं? १९८४ मध्ये टाटा संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे तो राज्यात पसरला. तिथे पोलिसांच्या आवारात बसून मार खाऊन आलेल्या बाईचं म्हणणं ऐकणारी व्यक्ती समाजकार्याची पदवीधर असते. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सखी वन स्टॉप सेंटर, रुग्णालयं आणि स्वयंसेवी संस्था इथेही अशी पदं निघतात.

शिक्षण. आईबाप तोडीला गेल्यावर मुलं गावातच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालवली जातात. ती खऱ्या अर्थाने चालतात की कागदावरच राहतात, हे बऱ्याचदा गावच्या शिक्षकांवर ठरतं. बारावीनंतर दोन वर्षांचं डीएलएड, मग टीईटी आणि अभियोग्यता चाचणी, असा हा रस्ता आहे. भरती दरवर्षी होत नाही, म्हणून पदवीचं शिक्षण सोबत चालू ठेवावं.

पैशाचा व्यवहार. वाणिज्य शाखेच्या मुलींना वाटतं, यात आपलं काय काम? चेतना सिन्हा अर्थशास्त्र शिकून सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला आल्या. बायकांची बँक काढायला निघाल्या, तेव्हा सभासद बायका निरक्षर असल्याचं कारण देऊन परवाना नाकारला गेला. बायका अक्षरं शिकल्या, व्याजाचा तोंडी हिशेब करून दाखवायला तयार झाल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. उचल घेऊन वर्षानुवर्षं फेडत बसणाऱ्या बीडमधल्या घरांना असा हिशेब समजावून सांगणारी माणसं हवी आहेत. ‘उमेद’ आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (‘माविम’) बचतगटांत, सहकारी बँकांत आणि संस्थांच्या लेखा विभागांत ही वाट सापडते.

प्रशासन. अंगणवाडी पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचं ग्रामसेवक) ही पदं स्पर्धा परीक्षांतून मिळतात. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडेच असते. मांडवात जाऊन लग्न थांबवण्याचा अधिकार हाती असलेली बाई गावाला दहा भाषणांपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

पालकांच्या मनातलं

पगाराचं काय? खरं ते सांगतो. आशा आणि अंगणवाडी सेविका या दोघींना वेतन मिळत नाही, मानधन मिळतं आणि ते कामाच्या मानाने कमी आहे. ही कामं मोलाची आहेत. पण ज्या मुलीला पुढे शिकता येण्यासारखं आहे, तिने त्यावर थांबू नये. अंगणवाडी सेविका पदवी घेऊन पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसू शकते. स्वयंसेवी संस्थेत सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि पुष्कळदा प्रकल्पापुरता असतो. म्हणून रुजू होताना चार गोष्टी विचाराच: नेमणूकपत्र मिळेल का, प्रकल्प किती वर्षांचा आहे, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का आणि संस्थेचं लेखापरीक्षण दरवर्षी होतं का. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही.

सुरक्षिततेचं काय? दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुलगी कामाला जाण्याआधी तुम्ही स्वतः एकदा ती जागा बघून या, तिथल्या बायकांशी बोला. रात्री-अपरात्री गावोगाव जावं लागणार असेल, तर वाहनाची आणि सोबतीची सोय काय, हे विचारा.

खर्चाचं काय? २०२४-२५ पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही, तर स्वाधार योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहं आहेत. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, रहिवास, जात वैधता हे कागद बारावीच्या निकालाआधीच काढून ठेवा. हुशार मुलींचे प्रवेश पुष्कळदा गुणांअभावी जात नाहीत, कागदांअभावी जातात.

आणि लग्नाचं? पदवी हातात येईपर्यंत थांबा, एवढीच विनंती आहे. स्वतः कमावणारी नर्स, वकील किंवा शिक्षिका सासरी मान मिळवते आणि वाईट दिवस आले तर कुणाच्या दारात उभी राहत नाही. मनस्विनीसारख्या प्रकल्पांत आलेल्या बायकांपैकी अनेकींना ही संधी मिळाली नव्हती.

आत्तापासून काय करायचं

नववी-दहावीत असाल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत परवानगी घेऊन काही दिवस मदत करा. रक्त बघून घाबरता की पुढे होता, रडणाऱ्या पोराला कंटाळता की उचलून घेता, हे तिथेच कळतं. अकरावी-बारावीत असाल, तर पुढचा अभ्यासक्रम निवडण्याआधी त्या क्षेत्रातल्या एखाद्या बाईशी तासभर बोला. तिला कामाबद्दल विचारा, पगाराबद्दलही विचारा. पदवीला असाल, तर संगणक, मराठीत नेटका अहवाल लिहिणं आणि कामापुरतं इंग्रजी शिका. हे नसल्यामुळे कामाची माणसं मागे पडतात. दुचाकी चालवायला शिका, परवाना काढा. कोणतीही वाट धरलीत तरी १०९८ हा बालकांचा आणि १८१ हा महिलांचा मदत क्रमांक पाठ असू द्या. उद्या वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीचं लग्न ठरलं, तर तिच्यासाठी पहिला फोन तुम्हालाच करायचा आहे.

बीडच्या मुलींना इथलं दुखणं बाहेरच्या कुणापेक्षाही जास्त कळतं. कोपी, फड, उचल, खाडा हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. या जाणिवेला पदवीची आणि परवान्याची जोड मिळाली, तर त्या जिल्ह्याचं भलं करतील आणि आईवडिलांना म्हातारपणी आधारही देतील. म्हणून पालकहो, मुलगी ‘लोकांसाठी काहीतरी करायचंय’ म्हणाली, तर तिला नाही म्हणू नका. त्यासाठी कोणती विद्या शिकणार आहेस, एवढं विचारा आणि मग तिच्यासोबत प्रवेशाचा अर्ज भरायला बसा.